गोठ्यातली गोष्ट गोठ्यात ठेवू नका

लम्पी त्वचारोग आपल्या देशात पहिल्यांदा दिसला तो २०१९ साली, ओडिशात. पुढच्या वर्षी गडचिरोलीकडून तो महाराष्ट्रात शिरला. तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांना त्याची खरी ओळख झाली २०२२ मध्ये. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गुजरात-राजस्थानात गाई पटापट मेल्या, ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या आणि सप्टेंबरात पुणे जिल्ह्याची पाळी आली. आमचा गोठा देहूरोडला, शेलारवाडीच्या अंगाला. दारातून घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. दोन संकरित एचएफ, एक जर्सी, दोन गावठी गाई, त्यांची वासरं आणि एक म्हैस, एवढा बारदाना. रतीब देहूरोड बाजार आणि विकासनगरात. त्या साली आणि नंतरच्या पावसाळ्यांत जे पाहिलं, केलं आणि पटलं, ते खाली मांडते आहे. जनावर पाळणाऱ्या बायांच्या हाती हे पडावं अशी माझी फार इच्छा आहे. गोठ्यातलं निम्म्याहून जास्त काम त्याच करतात, आणि लसीकरणाच्या बैठकीला मात्र त्यांना कोणी बोलावत नाही.

१. गाठ दिसायच्या आधी गाय सांगत असते.

आमच्या जर्सीने, हरणीने, एका सकाळी आंबोण अर्धं सोडलं. जी गाय घमेलं चाटूनपुसून लख्ख करते, तिने पेंडीला तोंडसुद्धा लावलं नाही. धारेला बसले तर कास रोजच्यासारखी भरलेली नव्हती. कान धरून पाहिला, तापलेला होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पातळ शेंबूड. पुढच्या पायाच्या वर, खांद्यासमोर कातडीखाली एक गाठ असते. एरवी ती बोटांना जेमतेम लागते, त्या दिवशी ती लिंबाएवढी हाताला आली. अंगावर अजून काहीच नव्हतं. मानेवर आणि पाठीवर गाठी उठल्या त्यानंतर. वाटोळ्या, कडक, कातडीत रुतून बसलेल्या. केस उभे राहिल्यामुळे त्या लांबून आधी दिसतात आणि मग हाताला लागतात.

विषाणू अंगात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार दिवस ते दोन आठवडे जातात. ताप १०५-१०६ फॅरनहाइटपर्यंत चढतो. म्हणून थर्मामीटर घरात असलाच पाहिजे. पाच-सहा जनावरांच्या गोठ्याला ही वस्तू चैनीची नाही. ताप दिसला त्याच दिवशी डॉक्टर आले तर पुढचं बरंच टळतं. गाठी मोजत बसलं तर तेवढ्यात शेजारची गाय तापलेली असते.

२. पहिला फोन डॉक्टरांना, दुसरा शेजाऱ्यांना.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

लम्पी लपवली जाते. का लपवतात ते मला पक्कं ठाऊक आहे. रतीब तुटेल ही भीती असते. गाभण गाय विकायला काढलेली असते आणि गिऱ्हाईक माघारी जाईल. चारचौघांत आपल्या गोठ्याचं नाव निघेल. आमच्याच आळीत एका घरी पाठीमागच्या पडवीत गाय बांधून पुढे बारदान लावलं होतं. त्या घरच्या वहिनींना मी दोष देणार नाही, त्यांचं महिन्याचं गणित त्या एका गाईवर होतं. पण माशीला बारदान आडवं येत नाही. त्या पडवीपासून हाकेच्या अंतरावरच्या गोठ्यांत आठवड्याभरात गाठी उठल्या.

हरणीचा ताप पाहिला त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला आणि दुपारी पदर खोचून सगळ्या गोठ्यांवर जाऊन आले. "आमच्याकडे आलंय, तुमची जनावरं तपासा, गाठ नसेल तर आजच लस टोचून घ्या." एका आजोबांनी मला उंबऱ्यावरच थांबवलं, "तू आत येऊ नकोस पोरी, तुझ्या चपलेला लागून येईल." त्यांचं बरोबरच होतं. मी बाहेरूनच बोलले. पण संध्याकाळपर्यंत लसीसाठी नावांची यादी तयार झाली, आणि ती डॉक्टरांना दिली तीही त्याच आजोबांनी.

खबर देणं ही काही मेहरबानी नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबत २००९ चा केंद्रीय कायदा आहे. असा रोग दिसला तर मालकाने कळवणं आणि आजारी जनावर वेगळं ठेवणं त्यानुसार बंधनकारक आहे. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या फोन क्रमांकावर ही खबर देता येते. पण कायद्याच्या धाकाने लोक बोलते होत नाहीत हेही मी पाहिलं. लोक बोलले ते आधी कोणीतरी बोललं म्हणून. ज्या घरात गाय आजारी आहे त्याचं दूध बंद करून, त्या घरच्या माणसाला पाणवठ्यावर टोमणे मारून आपण पुढच्याला लपवायला शिकवतो. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका मावशींनी त्या दिवसांत रतीब तोडला नाही, उलट "औषधाला पैसे लागले तर महिन्याचं बिल आधी घेऊन जा" म्हणाल्या. अशी दोन माणसं आळीत असली तर रोग लपत नाही.

३. माशीचा बंदोबस्त म्हणजे पेंढ्याचा बंदोबस्त.

लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. लाळ आणि नाकातला स्राव लागलेली गव्हाण, पाण्याची टाकी, यांतूनही जातो. यातली गोठ्यातली चावरी माशी मला चांगली ओळखीची झाली. घरमाशीसारखीच दिसते, पण तोंडाशी पुढे आलेली सुईसारखी सोंड असते. पायांवर बसते, म्हणून गाय सारखी पाय आपटते. एका गाईवर पोट भरलं नाही आणि शेपटीचा फटका बसला की ती उडते आणि लगेच दुसऱ्या गाईवर बसते. सोंडेला लागलेलं रक्त तसंच दुसऱ्या अंगात जातं.

ही माशी अंडी घालते ती शेणमुताने भिजून कुजत पडलेल्या पेंढ्यात. आता मावळातला पावसाळा डोळ्यांपुढे आणा. चार महिने गोठ्यात ओल, भाताचा पेंढा गव्हाणीतून खाली सांडतो, पायांखाली तुडवला जातो आणि कोपऱ्यात काळा पडून कुजतो. भाद्रपदात पाऊस ओसरतो, ऊन तापतं आणि माश्यांचं पेव फुटतं. नेमका तेव्हाच रोग आला. त्यामुळे फवारणीच्या आधी फावडं. आम्ही रोज सांडलेला पेंढा ओढून उकिरड्यावर नेला, उकिरडा गोठ्यापासून लांब हलवला आणि त्यावर जुना ताडपत्रीचा कागद घातला. गव्हाणीत वैरण थोडी थोडी टाकायची, म्हणजे सांडत नाही. मुताची नाली वाहती ठेवायची. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला, त्याचा उपयोग होतो, पण धूर असेपर्यंतच. गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून, मापात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पिकावर मारायचं कीटकनाशक गाईच्या अंगावर ओतल्याचे प्रकार मी ऐकले आहेत. तसलं कृपा करून करू नका, गाय विषबाधेने जाते.

४. वेगळं बांधायचं म्हणजे सगळंच वेगळं.

फक्त खुंटा बदलून भागत नाही. बादली, घमेलं, कासरा, झाडू वेगळा. निरोगी जनावरांची धार आधी, आजारीची शेवटी. नंतर हात साबणाने धुवायचे, साडी किंवा गाऊन बदलायचा. बाहेरचा माणूस गोठ्यात नको, मग तो व्यापारी असो की पाहुणा. जमिनीवर दोन टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट. गाठींच्या वाळलेल्या खपल्यांत हा विषाणू महिनाभर टिकू शकतो, म्हणून गळून पडलेल्या खपल्या झाडून गोळा करायच्या आणि जाळायच्या.

त्या वर्षी जनावरांचे बाजार बंद झाले, चाकणचा बैलबाजार ओस पडला. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली होती आणि मावळ-खेडची पोरं हरखून गेली होती. त्या शर्यतीही थांबल्या. आमच्याकडे पोळा भाद्रपदी अमावास्येला असतो, २०२२ मध्ये तो २५ सप्टेंबरला होता. वेशीतून मिरवणूक निघाली नाही. ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी दारातच ओवाळून पुरणपोळीचा घास भरवला. म्हातारी माणसं हळहळली, पण शे-दीडशे बैल एका जागी घासून उभे राहिले असते तर काय झालं असतं, ते त्यांनाही कळत होतं.

५. लस शेळीची होती, म्हणून ती खोटी नव्हती.

"शेळ्यांच्या देवीची लस गाईला कशी चालेल?" हा प्रश्न मला त्या सप्टेंबरात किती जणांनी विचारला! शेळ्यांची देवी आणि लम्पी या दोहोंचे विषाणू एकाच कुळातले आणि इतके जवळचे, की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवते. उत्तरकाशी नावाच्या वाणापासून बनवलेली ती लस गाईला एक मिलिलिटर, कातडीखाली देत होते. माणसाच्या देवीची गोष्ट अशीच आहे. गाईच्या देवीपासून निघालेली लस माणसाला टोचली जाऊ लागली. भारतात ती पहिल्यांदा १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. गाईने माणसाला वाचवलं, आता गाईसाठी शेळी धावून आली. हे सांगितलं की आळीतल्या बायांना पटायचं.

खास लम्पीसाठीची देशी लस, लम्पी-प्रोव्हॅक-इंड, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने मिळून तयार केली. १० ऑगस्ट २०२२ ला ती जाहीर झाली. पुढे डिसेंबरात ती बनवण्याचं तंत्रज्ञान पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. ही इज्जतनगरची संस्था मुळात सुरू झाली ती आपल्या पुण्यातच, १८८९ साली, आणि तिच्यामागे मोठं कारण होतं गाईगुरांची साथ, बुळकांडी. माझ्या आजेसासूबाई बुळकांडीचं नाव घेतलं की अंगारा शोधायच्या. तो रोग लस टोचून टोचून हटवला. भारत त्यातून मुक्त झाल्याचं २००६ मध्ये मान्य झालं, आणि २०११ मध्ये सगळं जग मुक्त झाल्याची घोषणा झाली. म्हणून लसीवरून कोणी नाक मुरडलं की मी त्याला बुळकांडीचं काय झालं ते विचारते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लस टोचली की लगेच कवच येत नाही, जवळपास तीन आठवडे जातात. त्या काळात माश्यांची काळजी दुप्पट घ्यायची. आणि टोचल्या जागी सूज, दोन दिवस कणकण, दूध थोडं कमी, हे होतं. त्याला लम्पी झाली म्हणून बोंब मारू नये. प्रत्येक जनावराला नवी सुई आहे ना, एवढं मात्र उभं राहून पाहावं.

६. दुधाबद्दल खरं ते स्पष्ट सांगावं.

लम्पी माणसाला होत नाही. उकळलेलं दूध पिण्यात धोका नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंनी त्या महिन्यांत दूधवाल्यांचं जिणं हराम केलं होतं, तेव्हा मी किटलीबरोबर हे दोन वाक्यांत सांगत फिरले. पण त्याच तोंडाने हेही सांगितलं, की आजारी गाईला प्रतिजैविक चालू आहे, तिचं दूध रतिबात नाही, डॉक्टर सांगतील तोवर ते ओतून द्यायचं. लोकांनी विश्वास ठेवला तो या दुसऱ्या वाक्यामुळे. आजारी गाईच्या सडावर गाठी असतील तर वासराला तिला लुचू देऊ नये, दुसऱ्या गाईचं दूध उकळून, कोमट करून पाजावं.

७. मलमपट्टी हेच खरं औषध.

विषाणूला मारणारं इंजेक्शन नाही. डॉक्टर देतात ते तापाचं, सुजेचं, आणि जखमांत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून. बाकी सगळी मेहनत घरच्यांची. हरणीच्या पोळीला आणि मागच्या पायांना अशी सूज आली होती, की बोट दाबलं तर खड्डा राहायचा. बसली की उठता येईना. एका कुशीवर पडून राहिली असती तर ती जागा सडली असती, म्हणून आम्ही खाली वाळलेला पेंढा जाड घालून तिला दिवसातून कैक वेळा कूस बदलायला लावलं. पायाची एक गाठ फुटून आत नाण्याएवढा खोल खळगा पडला, कडा पांढरट आणि मधे लालभडक. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मग मलम. पहिल्या दिवशी त्यात अळ्या दिसल्या. सीताफळाच्या पाल्याचा लगदा भरला, अळ्या बाहेर आल्या.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने लम्पीसाठी घरगुती औषधं सांगितली होती. पोटातून द्यायला विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ. लावायला कडुलिंब, तुळस, मेंदी, लसूण, हळद घालून उकळलेलं खोबरेल किंवा तिळाचं तेल. ते आम्ही डॉक्टरांच्या उपचाराबरोबर केलं, त्यांच्याऐवजी नाही. तेलाने माश्या जखमेवर बसायच्या थांबल्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि खाणं! तोंडात व्रण असतात, वाळली वैरण टोचते. कोवळा मका बारीक कापून, भाताची पेज, गुळाचं पाणी, हाताने घास भरवावा लागतो. आमच्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, रात्री कंदील घेऊन तिच्याशी बोलत बसायच्या आणि घास घालायच्या. गाय जगली त्यात इंजेक्शनाइतकाच त्या घासांचा वाटा आहे असं मी मानते.

८. गाईला हद्द कळत नाही.

देहूरोडचं हे खास दुखणं. रस्त्याच्या या बाजूला छावणीची हद्द, किवळ्याकडे गेलं की पिंपरी-चिंचवड महापालिका, गहुंजे-शिरगावकडे गेलं की जिल्हा परिषद. माणसाला कुठला दवाखाना आपला हे शोधावं लागतं, माशी मात्र तिन्हीकडे सारखीच फिरते. त्यात मोकाट जनावरं. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर दुभाजकाशी बसलेल्या गाई सगळ्यांनी पाहिल्या असतील. त्यांतल्या बऱ्याचशा कुणाच्या तरी आहेत, धारेपुरत्या घरी आणि एरवी रस्त्यावर. भाजी बाजाराच्या कचऱ्यावर त्या जमतात आणि तिथूनच आपापल्या गोठ्यात परततात. माझं म्हणणं स्पष्ट आहे, साथीच्या दिवसांत तरी गाय बांधून घाला. आणि रस्त्यावर गाठी आलेलं बेवारस जनावर दिसलं तर फोटो काढून पुढे पाठवत बसण्याऐवजी १९६२ ला फोन करा.

९. बिल्ला, कागद आणि खड्डा.

कानातला बारा अंकी बिल्ला नसेल तर लसीची नोंद नाही आणि भरपाईलाही अडचण. २०२२ मध्ये सरकारने लम्पीने मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरवली होती. पंचनामा होण्याआधी जनावर पुरू नये. पुरायचं ते आठ फूट खोल, चुना टाकून, विहीर आणि ओढ्यापासून लांब. आमच्याकडे दोन फुटांखाली मुरूम लागतो, जेसीबीशिवाय खड्डा होत नाही, आणि ज्याच्याकडे गोठ्यापुरतीच जागा आहे त्याने गाय पुरायची कुठे? एका घरचं वासरू गेलं तेव्हा जागेसाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन चालले होते. प्रत्येक गावाने, प्रत्येक वस्तीने ही जागा साथ नसताना ठरवून ठेवायला हवी.

१०. पुढचा घाव वासरांवर बसतो.

राज्यात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख. २०२२ च्या मोहिमेत त्यांतल्या बहुतेकांना लस मिळाली आणि लोक निर्धास्त झाले. पण मोहिमेनंतर जन्मलेल्या वासरांना ती कुठून मिळणार? २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात लम्पी पुन्हा डोकावली, तेव्हा वासरांचे हाल जास्त झाले. त्यांची कातडी नाजूक, ताप सोसत नाही, सूज छातीवर चढली की श्वास लागतो. वासरू चार महिन्यांचं झालं की लस टोचावी, मोठ्या जनावरांना दर वर्षी, आणि हे सगळं पावसाच्या आधी उरकावं. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी असते ती वेगळी. एक घेतली म्हणून दुसरी चुकवू नये.

हरणी वाचली, दूध पहिल्याइतकं आलं नाही, पुढच्या वेताला निम्म्याच्या वर गेलं. तिची कालवड आता माजावर येते आहे. आमच्या आळीत आता मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वासरांची यादी करतात आणि ती यादी लिहायचं काम त्याच पडवीवाल्या वहिनींकडे असतं.